अणुभट्टी बंद होते, पण विझत नाही

युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या बातम्या वाचताना एक गोष्ट डोक्यात अडकून बसते. सहा अणुभट्ट्यांचं हे केंद्र युरोपातलं सर्वांत मोठं. मार्च २०२२ मध्ये ते रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तिथली वीज बनवणारी शेवटची भट्टीही थांबवली गेली. तेव्हापासून तिथून एक युनिटसुद्धा वीज बाहेर गेलेली नाही. तरीही बातमी येते ती अशी: केंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा पुन्हा तुटला, डिझेल जनित्रांवर काम चालू आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने चिंता व्यक्त केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर जवळजवळ महिनाभर हे केंद्र जनित्रांवरच तगून होतं.

वीज बनवणाऱ्या कारखान्याला बाहेरून वीज कशाला लागते? आणि जो मुळात बंदच आहे, त्याची एवढी धास्ती कशासाठी?

अपघात का होतात, कचऱ्याचं काय करायचं, ही केंद्रं इतकी महाग का पडतात, हे अणुऊर्जेबद्दलचे नेहमीचे प्रश्न माझ्या मते याच एका प्रश्नाच्या पोटात आहेत. म्हणून तो नीट उलगडून पाहू.

## भट्टीत जळतं काय?

खरं तर काहीच जळत नाही. कोळशाचं केंद्र आणि अणुकेंद्र यांचा अर्धा भाग अगदी सारखा असतो. पाणी तापवून वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनला जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यायची. अणुकेंद्राची खूण म्हणून चित्रांत जे कमरेत आवळलेले अवाढव्य मनोरे दाखवतात, त्यांतून निघणारा पांढरा लोट हा धूर नसतो. पाणी थंड करायचे ते मनोरे असतात आणि वर जाते ती साधी वाफ. असे मनोरे कोळशाच्या केंद्रांनाही असतात, आणि कित्येक अणुकेंद्रांना ते नसतातही.

फरक आहे तो पाणी कशाने तापतं यात. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला, तेव्हा त्यांना त्यात बेरियम सापडलं. युरेनियमच्या निम्म्याहून थोडंच जास्त वजन असलेलं हे मूलद्रव्य तिथे आलं कुठून, हे त्यांना उमगेना. हानने आपली जुनी सहकारी लीझ माइटनर हिला पत्र लिहिलं. ज्यू घराण्यातली असल्यामुळे ती काही महिन्यांपूर्वीच हिटलरच्या जर्मनीतून निसटून स्वीडनला पोचली होती. नाताळच्या सुट्टीत तिचा भाचा ऑटो फ्रिश तिच्याकडे आला होता. दोघं बर्फातून फिरायला निघाले, वाटेत एका ओंडक्यावर टेकले आणि कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड करू लागले. युरेनियमचा अणुगर्भ चक्क दुभंगला होता आणि दुभंगताना त्यातून अफाट ऊर्जा बाहेर पडली होती.

यालाच अणुविखंडन म्हणतात. न्यूट्रॉन आदळला की युरेनियमच्या अणुगर्भाचे दोन तुकडे होतात. ते भन्नाट वेगाने सुटतात, शेजारच्या अणूंना धडकत धडकत थांबतात आणि त्या धडकांची उष्णता होते. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुढचे गर्भ फोडतात. ही झाली साखळी. त्या नव्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकानेच पुढचा गर्भ फोडला, तर साखळी एका संथ लयीत चालू राहते. जास्तीचे न्यूट्रॉन शोषून घेण्यासाठी भट्टीत नियंत्रक कांड्या असतात. त्या वर घेतल्या की साखळी जोर धरते, पूर्ण खाली सोडल्या की काही सेकंदांत थांबते.

या उष्णतेचं प्रमाण कल्पनेपलीकडचं आहे. भट्टीत घालतात ती युरेनियमची गोळी बोटाच्या पेराएवढी असते आणि तिच्यातून सुमारे एक टन कोळशाइतकी उष्णता मिळते. अणुऊर्जेचं सगळं आकर्षण या गोळीत आहे. तिची सगळी डोकेदुखीही त्यातच आहे.

## साखळी थांबली, मग उष्णता कुठून येते?

नियंत्रक कांड्या खाली सोडल्या. विखंडन थांबलं. पण आतापर्यंत फुटलेल्या गर्भांचे तुकडे तिथेच, त्याच गोळीत आहेत. सिझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन अशा मूलद्रव्यांचे हे तुकडे अस्थिर असतात. स्थिर होईपर्यंत ते किरणं आणि कण बाहेर फेकत राहतात, आणि त्या प्रत्येक फेकीबरोबर थोडी उष्णता निघते. यावर कुठलंही बटण चालत नाही. कांड्या, रसायनं, दाब, कशानेही हा ऱ्हास थांबत नाही. तो आपल्या गतीनेच मंदावतो.

इस्त्रीची वायर काढल्यावरही ती काही काळ गरम राहते, तसंच हे असेल असं वाटतं. पण इस्त्रीत साठलेली उष्णता नुसती निघून जात असते. इथे उष्णता नव्याने तयार होत असते. राखेखालच्या निखाऱ्यांची उपमा जास्त बरी. ज्वाळा विझल्या तरी आतला निखारा स्वतःच्या बळावर धुमसत राहतो.

आकड्यांत सांगायचं तर, एक हजार मेगावॉट वीज देणारी भट्टी आत साधारण तीन हजार मेगावॉट उष्णता तयार करते. ती बंद केल्याच्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे दोनशे मेगावॉटच्या आसपास उष्णता चालूच असते. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते, दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का किरकोळ वाटतो, पण एवढ्याशा उष्णतेने तासाला वीस हजार लिटरहून जास्त पाण्याची वाफ होते. ते पाणी सतत फिरवत ठेवायचं, त्यातली उष्णता बाहेर नेऊन सोडायची, त्यासाठी पंप चालवायचे. पंपांना वीज हवी. भट्टी तर बंद आहे, म्हणून वीज बाहेरून आणायची, ती तुटली तर जनित्रं, जनित्रं बिघडली तर आणखी जनित्रं.

पाणी थांबलं तर इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण तापून वाफेशी अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. पुढे इंधनच वितळायला लागतं. अणुभट्टी वितळली असं बातम्यांत म्हणतात ते हेच.

## ती बॉम्बसारखी फुटू शकते का?

नाही. इथे ‘बहुधा’ जोडायचीही गरज नाही. नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंपैकी सातच अणू सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ या प्रकारचे असतात. त्यांचं प्रमाण वाढवणं म्हणजे समृद्धीकरण. बहुतेक वीज केंद्रांत हे प्रमाण तीन ते पाच टक्के असतं, बॉम्बसाठी ते नव्वदच्या आसपास न्यावं लागतं. ओलसर लाकडावर शेगडी चालते, बंदुकीचा बार उडत नाही. अणुकेंद्रांत जे स्फोट झाले, ते कोंडलेल्या वाफेचे किंवा साचलेल्या हायड्रोजनचे होते. तेही भयंकरच असतात, पण शहर क्षणात भस्म करणारे नसतात.

बॉम्बविषयीचा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. ज्या यंत्रांनी युरेनियम पाच टक्क्यांपर्यंत समृद्ध होतं, तीच यंत्रं चालवत राहिली तर नव्वद टक्क्यांपर्यंतही नेता येतं, आणि निम्म्याहून जास्त मेहनत पहिल्या पाच टक्क्यांतच झालेली असते. भट्टीत तयार होणारं प्लुटोनियम वेगळं काढता येतं. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम ‘सायरस’ या संशोधनासाठी उभारलेल्या भट्टीतूनच आलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक, कॅमेरे आणि सीलबंद कुलपं याचसाठी असतात. ही राखण राजकारणावर अवलंबून आहे आणि राजकारण बिघडलं की तीही ढासळते.

## मग मोठे अपघात झाले कसे?

तिन्ही गाजलेल्या अपघातांत तो निखारा कुठे ना कुठे हजर आहे.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात एक किरकोळ बिघाड झाला आणि भट्टी आपोआप बंद झाली. दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली होती. ती परत मिटायला हवी होती, पण अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता की सगळं ठीक आहे. तो दिवा झडप मिटली का हे दाखवतच नव्हता. झडपेला मिटण्याची सूचना गेली, एवढंच दाखवत होता. दिव्यावर विसंबलेल्या कर्मचाऱ्यांना वाटलं, आत पाणी जास्त झालंय. त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. उघड्या झडपेतून पाणी निघून जात राहिलं आणि भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. बाहेरच्या काँक्रीटच्या जाड कवचाने मात्र किरणोत्सारी पदार्थ बहुतांश आतच अडवले. मला हा अपघात सगळ्यांत बोलका वाटतो. कारण चूक माणसाची म्हणावी, तर त्याला खोटं सांगणारा दिवाही माणसानेच बसवला होता.

चेर्नोबिलचं प्रकरण आणखी वेगळं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तिथे एक चाचणी चालली होती, आणि ती होती सुरक्षेचीच. बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनित्रं पूर्ण जोरात यायला मिनिटभर लागलं, तर तेवढ्या वेळात थांबत आलेल्या टर्बाइनच्या फिरण्यावरच पाण्याचे पंप चालवता येतील का, हे पाहायचं होतं. पण त्या बनावटीच्या भट्टीत एक घातक दोष होता. बहुतेक भट्ट्यांत पाण्याची वाफ झाली की साखळी मंदावते, इथे ती उलट जोर धरायची. शिवाय नियंत्रक कांड्यांच्या टोकांना साखळीला बळ देणारं ग्राफाइट होतं, त्यामुळे त्या आत शिरताना पहिल्या क्षणी शक्ती वाढायची. भट्टी अगदी अस्थिर अवस्थेत असताना ती थांबवण्याचं बटण दाबलं गेलं आणि एक वाजून तेवीस मिनिटांनी ती फुटली. थ्री माइल आयलंडला होतं तसं भक्कम कवच इथे नव्हतं. जगाला याचा पत्ता लागला तो दोन दिवसांनी, हजार किलोमीटरवरच्या स्वीडनमध्ये. फोर्शमार्क अणुकेंद्रातल्या एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्गाचा इशारा वाजला, आणि ती धूळ त्यांच्या केंद्रातली नव्हती.

फुकुशिमाची गोष्ट तर सरळसरळ निखाऱ्याची आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, जनित्रं सुरू झाली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पन्नासेक मिनिटांनी चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली आणि तळघरांतली जनित्रं बुडाली. अंधाऱ्या नियंत्रण कक्षात निदान मापकांवरचे आकडे तरी वाचता यावेत, म्हणून कर्मचाऱ्यांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या. पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्या वितळल्या.

त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राच्या आणखी जवळ, ओनागावा नावाचं अणुकेंद्र आहे. ते समुद्रसपाटीपासून १४.८ मीटर उंचावर बांधलेलं होतं. तिथेही सुमारे तेरा मीटरची लाट आली. केंद्र वाचलं, सुखरूप थंड झालं, आणि घरं वाहून गेलेले आसपासचे लोक तीनेक महिने त्या केंद्राच्याच व्यायामशाळेत राहिले. तीच लाट, तेच तंत्रज्ञान. फरक पडला तो जागा किती उंच घ्यायची या कित्येक वर्षांपूर्वीच्या निर्णयाने.

## किरणोत्सर्ग किती झाला की घातक?

‘किरणोत्सर्ग झाला’ एवढंच सांगणं म्हणजे ‘पाऊस पडला’ एवढंच सांगणं. किती झाला, हे महत्त्वाचं. तो मोजायचं एकक आहे मिलिसिव्हर्ट. माती, खडक, हवा आणि आकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये सातेक मिळतात. अणुकेंद्रातल्या कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस ही मर्यादा असते. एकदम चार-पाच हजार मिलिसिव्हर्ट शरीरात गेले, तर उपचार न मिळालेल्यांपैकी निम्मी माणसं दगावतात.

शंभरच्या वर कर्करोगाची शक्यता वाढते, हे नक्की. त्याखाली काय होतं, यावर खरा वाद आहे. वाढ झालीच तर ती इतकी बारीक असते की एरवीच्या कर्करोगांच्या गर्दीत ती वेगळी दिसतच नाही. सावधगिरी म्हणून नियम असं धरतात की मात्रा निम्मी तर धोकाही निम्मा, शून्यापर्यंत. या गृहीतकामुळेच चेर्नोबिलच्या बळींचे आकडे इतके उलटसुलट ऐकू येतात. स्फोटाच्या वेळी दोन कामगार गेले. पुढच्या काही महिन्यांत अग्निशमन दलाचे जवान आणि कर्मचारी मिळून २८ जण तीव्र किरणबाधेने गेले. हे आकडे मोजलेले आहेत. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सर्वाधिक बाधित सहा लाख लोकांमध्ये अखेरीस चार हजारांपर्यंत मृत्यू होऊ शकतील असा अंदाज दिला. सगळ्या युरोपभर विखुरलेल्या बारीकशा मात्रांचाही कोट्यवधी लोकांशी गुणाकार केला, की आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. खोटं कुणीच बोलत नाही, गुणाकार कुठे थांबवायचा यावर मतभेद आहेत.

थायरॉइडचं मात्र लपलेलं नाही. बाधित भागांत तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून जास्त रुग्ण आढळले, आणि त्यातला मोठा वाटा दुधावाटे पोटात गेलेल्या किरणोत्सारी आयोडीनचा होता. हे बहुतांश टाळता आलं असतं. साधं आयोडीन वेळेत दिलं की थायरॉइड ग्रंथी भरून जाते आणि घातक आयोडीनला जागाच उरत नाही. पोलंडने त्या दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन पाजलं. सोव्हिएत सरकारने आधी गप्प बसणं पसंत केलं. त्या मुलांचा विचार आला की अजूनही संताप होतो.

फुकुशिमात उलटं झालं. तिथे तीव्र किरणबाधेने एकही मृत्यू झाला नाही, आणि पुढे एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू सरकारने किरणोत्सर्गाशी जोडून मान्य केला. पण दीड लाखाच्या आसपास लोकांनी घरं सोडली, आणि त्या प्रांतात आपत्तीनंतरच्या हालअपेष्टांमुळे झालेले मृत्यू दोन हजारांवर गेले. त्यांत बहुतेक म्हातारी, आजारी माणसं होती. रुग्णालयांतून घाईघाईने हलवलेली, बसमध्ये तासन्‌तास बसवून ठेवलेली. त्यांना किरणांनी नाही मारलं. तरी हे मृत्यू अणुअपघाताच्या खात्यावरच मांडायला हवेत असं मला वाटतं, कारण भट्टी वितळली नसती तर ही पळापळ झाली नसती.

## म्हणजे इतर विजेपेक्षा ती जास्त जीवघेणी?

हिशेब केला तर उत्तर नेमकं उलटं येतं. दर शंभर कोटी युनिट विजेमागे किती माणसं दगावतात याचे जे अंदाज सर्रास वापरले जातात, त्यांत कोळशाचा आकडा चोवीसच्या आसपास आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही अणुऊर्जेचा आहे ०.०३. पवन आणि सौर ऊर्जाही याच पंगतीत बसतात. कोळशाचे बळी मुख्यतः धुरामुळे जातात. एकेकटे, दवाखान्यांत, वर्षभर. त्यांची बातमी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, सरासरी सांगू नका, आमचं गाव कायमचं उठलं तर सरासरीने काय होतं? हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. कोळशाचं केंद्र कितीही वाईट चाललं तरी चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यातसारखं सुमारे पन्नास हजारांचं शहर दीड दिवसात रिकामं करावं लागत नाही. क्वचित घडणारं मोठं संकट आणि रोज घडणारं छोटं नुकसान या दोन धोक्यांना एकच तराजू पुरत नाही. पण तराजूत दोन्ही ठेवले तरी पाहिजेत. अणुकेंद्र नको म्हणताना त्या जागी कोळसा येणार असेल, तर ते चोवीसही आपणच निवडलेले असतात.

## कचऱ्याचं काय?

कचरा म्हणजे तेच तुकडे, तोच निखारा, फक्त आता कैक पटींनी मंद झालेला. एक हजार मेगावॉटच्या भट्टीतून वर्षाला वीस ते तीस टन वापरलेलं इंधन निघतं. आधी ते काही वर्षं खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात, कारण पाणी थंडही करतं आणि किरणंही अडवतं. नंतर पोलाद-काँक्रीटच्या जाडजूड पिंपांत. तिथे पंप लागत नाही, आजूबाजूची हवा पुरते. काही देश त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतात आणि उरलेला भाग काचेत ओतून घट्ट करतात.

इथे अर्धायुष्य हा शब्द समजून घ्यावा लागतो. किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चं आठ दिवस, सिझियम-१३७ चं तीस वर्षं, प्लुटोनियम-२३९ चं सुमारे चोवीस हजार वर्षं. लोकांना मोठे आकडे भीतिदायक वाटतात, पण अर्धायुष्य जितकं लांब, तितका तो पदार्थ हळू ऱ्हास पावतो आणि किरणं कमी फेकतो. पहिली तीनेकशे वर्षं तापदायक असतात ती सिझियम-स्ट्रॉन्शियममुळे. त्यानंतर जे उरतं, ते मुख्यतः पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर घातक. मात्र ते लाखभर वर्षं माणसांपासून दूर ठेवावं लागतं.

फिनलंडने त्यासाठी ओन्कालो नावाची जागा खोदली आहे. चारशे मीटरहून खोल, जवळपास १९० कोटी वर्षं जुन्या खडकात. इंधन तांब्याच्या पिंपात, पिंपाभोवती पाणी लागलं की फुगून भेगा बुजवणारी बेंटोनाइट माती. लाख वर्षांची हमी कोण देणार, हा प्रश्न रास्तच आहे. हमी कुणी देऊ शकत नाही, पण एक दाखला आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या युरेनियमच्या साठ्यात निसर्गतःच विखंडनाची साखळी सुरू झाली होती, असं १९७२ मध्ये उघड झालं. तिथे पिंप नव्हतं, माती भरलेली नव्हती, तरी तयार झालेलं प्लुटोनियम आणि इतर बरेच तुकडे जागेवरून फारसे हलले नाहीत.

मला धास्ती वाटते ती खडकापेक्षा माणसांच्या हलगर्जीपणाची. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरांत अण्वस्त्र कारखान्यांचा कचरा पुरतात. २०१४ मध्ये तिथलं एक पिंप फुटलं. ओल शोषून घ्यायला त्यात पाळीव मांजरांच्या शी-शूसाठी वापरतात तसल्या मातीचा भुगा घालायचे. मातीचा भुगा सोडून कुणीतरी वनस्पतीजन्य भुगा घातला आणि तो आतल्या रसायनांशी अभिक्रिया करून तापला. जागा तीन वर्षांच्या आसपास बंद राहिली.

आणि संमतीचं काय? फिनलंडच्या कायद्यात स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार होता. एउरायोकीच्या पालिकेने २००० मध्ये होकार दिला, आणि मगच काम पुढे सरकलं. अमेरिकेने १९८७ मध्ये नेवाडातला युक्का पर्वत वरूनच ठरवून टाकला. नेवाडाने तो कधीच मान्य केला नाही आणि तिथे आजही एक पिंप गेलेलं नाही.

## मग अडतंय कुठे?

पैशांवर. फ्रान्समधल्या फ्लामानव्हीलच्या नव्या भट्टीचं काम २००७ मध्ये सुरू झालं, ती २०१२ ला चालू व्हायची होती. वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३३० कोटी युरोंचा बांधकामखर्च १,३०० कोटींवर गेला. अमेरिकेतल्या जॉर्जियात व्होग्टलच्या दोन भट्ट्यांचंही असंच झालं, सात वर्षं उशीर आणि दुपटीहून जास्त खर्च. इंधन स्वस्त असतं. महाग असतं ते त्या न विझणाऱ्या उष्णतेसाठीचं सगळं: एकाला चार पंप, जनित्रांवर जनित्रं, दुहेरी कवच, प्रत्येक वेल्डिंगची तपासणी. त्यावर दहा-पंधरा वर्षं अडकलेल्या पैशाचं व्याज.

हे अटळ आहे का? पुरतं नाही. एकच आराखडा, एकच कसलेला चमू, एकामागून एक भट्ट्या असं केलं तर वेळ वाचतो. १९७४ नंतर फ्रान्सने पंधरा वर्षांत पन्नासेक भट्ट्या अशाच उभ्या केल्या. संयुक्त अरब अमिरातीतल्या बराकाह इथे कोरियन कंपनीने चार भट्ट्या बारा वर्षांत पूर्ण केल्या. दहा-वीस वर्षांतून एकदाच भट्टी बांधणारा देश मात्र प्रत्येक वेळी नव्याने शिकतो.

म्हणून ‘अणुऊर्जा हवी की नको’ असा सरसकट प्रश्न मला पटत नाही. नवं केंद्र बांधावं का, यावर प्रामाणिक माणसांची दोन मतं असू शकतात. धडधाकट चालू केंद्र मुदतीआधी बंद करणं मात्र मला चूक वाटतं. एका युनिटमागे सगळा जीवनकाळ धरून कोळशामुळे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, अणुऊर्जेमुळे बारा ग्रॅम. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तिथे कोळसा अजून जळत होता.

## सौर आणि पवन एवढी स्वस्त झाल्यावर हे हवंच कशाला?

जिथे ऊन आणि वारा भरपूर आहे, तिथे पहिला पैसा तिकडेच जावा, यात वाद नाही. ती वर्षभरात उभी राहतात, भट्टीला दशक लागतं. प्रश्न उरतो तो वारा पडलेल्या लांबलचक रात्रींचा. बॅटऱ्या काही तास भागवतात, आठवडा अजून नाही. ती उणीव भरायला आज बहुतेक ठिकाणी गॅस किंवा कोळसाच जळतो. तिथे अणुऊर्जेला जागा आहे असं मला वाटतं. मात्र तीही कधी दगा देते. २०२२ मध्ये पाइपांना गेलेले तडे आणि देखभालीची कामं यांमुळे फ्रान्सच्या निम्म्या भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या.

## छोट्या भट्ट्यांनी काय बदलेल?

कारखान्यात बनवून आणून बसवायच्या छोट्या भट्ट्यांची सध्या खूप चर्चा आहे. स्वस्ताईचा दावा अजून सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतला असा एक गाजलेला प्रकल्प खर्च वाढल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला. दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. मोठ्या पातेल्यातलं पाणी तासभर गरम राहतं, वाटीतलं लगेच निवतं. भट्टी पुरेशी लहान असेल, तर मागे उरलेली उष्णता पंपाशिवाय आपसूक बाहेर झिरपून जाते.

हे करून पाहिलेलं आहे. ३ एप्रिल १९८६ ला, चेर्नोबिलच्या तीन आठवडे आधी, अमेरिकेत आयडाहोमधल्या एका प्रायोगिक भट्टीचे पंप मुद्दाम बंद केले गेले आणि नियंत्रक कांड्यांना हातही लावला नाही. तापमान वाढलं, साखळी आपोआप मंदावली, भट्टी शांत झाली. २०२३ मध्ये चीनच्या शिदाओवान केंद्रात दोन लहान भट्ट्यांची वीज तोडून पाहिली. त्याही स्वतःच्या स्वतः निवल्या.

## तर मग झापोरिझ्झियात आज किती धोका आहे?

चालू भट्टीची वीज तुटली, तर हाताशी काही तास असतात. तिथलं इंधन काही वर्षं निवलं आहे, त्यामुळे आज थंडावा तुटला तरी सावरायला बराच जास्त वेळ मिळेल. म्हणूनच महिनाभराचा वीजखंड निभावला. पण पंप लागतातच, आणि पाणीही. ६ जून २०२३ ला जवळचं काखोव्का धरण फुटलं आणि ज्या जलाशयावर हे केंद्र अवलंबून होतं, तो आटला. मग आवारात अकरा विहिरी खणल्या. त्यांतून तासाला सुमारे अडीच लाख लिटर पाणी येतं. सहा बंद भट्ट्यांना ते पुरतं. एक भट्टी जरी पूर्ण जोरात चालू केली, तरी ते पुरणार नाही.